घेऊन जा, तुझंच आहे

एप्रिल महिन्यात हनादी शुमानला मान वर करायला फुरसत नसते. एप्रिल हा अरब वारशाचा महिना, तसं वरूनच ठरलेलं आहे. तो उजाडला की मिशिगनमधल्या बँकांना, इस्पितळांना आणि विमा कंपन्यांना एकदम साक्षात्कार होतो की आपल्या शेजारी अरब माणसं राहतात. मग त्यांना भिंतीवर लावायला चित्र हवं असतं, आणि डिअरबर्नमध्ये हनादीचा फोन खणखणायला लागतो. एरवी तो वाजतो ते तिकडे कुठे बॉम्ब पडले की. तेव्हा घाई जरा जास्त असते.

चित्रात काय हवं तेही ठरलेलं. एक ऑलिव्हचं झाड, एक जुनी किल्ली, जमलं तर कबूतर, आणि डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई, जी कुठेतरी लांब बघत असते. ती काय बघते आहे हे आजवर कुणी विचारलेलं नाही. एकदा हनादीने कंटाळून आपली मावशी काढली, पार्किंगची पावती फाडणाऱ्या पोलिसाशी हुज्जत घालणारी, एका हातात भाकरीची पिशवी आणि दुसऱ्या हाताचं बोट थेट त्याच्या नाकासमोर. इस्पितळवाल्यांनी चित्र अतिशय नम्रपणे परत पाठवलं. म्हणाले, सुंदर आहे, पण यात सोसण्याची ताकद तितकीशी दिसत नाही. मावशीने ते पत्र ऐकून विचारलं, "मी कशाला सोसू?" आणि विषय तिथेच संपला.

आपली माणसं तरी बरी असतील असं समजू नका. वॉरन ॲव्हेन्यूवरच्या समाजाच्या हॉलसाठी हनादीने एकदा भिंतभर गाव काढायला घेतलं. कमिटीतले निम्मे लोक म्हणाले, आमच्या मशिदीचा घुमट शेजारच्या गावापेक्षा लहान दिसतो. घुमट वाढवला. मग कुणीतरी म्हणालं, गाढव काढू नका, अमेरिकन लोक आपल्याला मागासलेले समजतील. गाढवाचा घोडा केला. त्यावर एक म्हातारा काठी आपटत उठला, "आमच्या गावात घोडा होता कुणाकडे? जमीनदाराकडे! त्या हरामखोराला पुन्हा भिंतीवर चढवता?" शेवटी घोड्याच्या जागी मोटार काढली, आणि सगळे एका सुरात खूष झाले, कारण निम्म्यांची हयात मोटारींच्या कारखान्यात गेली होती. दक्षिण लेबनॉनच्या डोंगरातल्या पायवाटेवर ती निळी मोटार आजही उभी आहे.

हनादीचं खरं नाव झालं ते मोर्च्यांच्या चित्रांनी. मूठ वळलेली, तोंड उघडं टाकलेली बाई आणि खाली ठळक अक्षरं, 'आमचं आहे, आम्ही मागणारच'. भाकरीच्या भट्टीच्या काचेवर, दातांच्या दवाखान्यात, शाळेच्या फाटकावर, जिथे बघाल तिथे ती बाई ओरडत असायची. आणि तिला काढणारी हनादी, वय चाळिशीच्या पुढे, स्वतःच्या आईला इतकंही सांगू शकत नव्हती की चहात माझ्या साखर घालू नकोस. वर्षानुवर्षं ती पाकासारखा चहा गिळत होती.

आई म्हणजे हज्जा झकिया, हज करून आलेली म्हणून हज्जा. पॅल्मर स्ट्रीटवरचं विटांचं छोटं घर, मागच्या कुंपणावर द्राक्षाचा वेल, पुढच्या खोलीत पाहुण्यांसाठी राखलेले सोफे, ज्यांवर घरचं माणूस बसलं तर हज्जाच्या कपाळाला आठी पडायची. तिचा एक नियम होता आणि तो तिने गावाहून येताना सामानाबरोबर आणला होता. आल्यागेल्याने घरातल्या कुठल्याही वस्तूला चांगलं म्हटलं की हज्जा छातीवर हात ठेवून म्हणायची, "घेऊन जा, तुझंच आहे." पाहुणा म्हणायचा, "छे, छे, तुमच्याकडेच शोभतं." ती म्हणायची, "माझी शपथ आहे." तो म्हणायचा, "अल्ला तुम्हालाच लखलाभ करो." मग दोघंही समाधानाने कॉफी प्यायची. सगळी आळी असंच बोलते. एवढ्या वर्षांच्या या देवघेवीत हज्जाच्या घरचा एक चमचासुद्धा जागचा हलला नव्हता.

त्याच खोलीत, सोफ्याच्या वर, हनादीच्या बापाचं चित्र होतं.

मुनीफ शुमान गेला त्याच्या आदल्या उन्हाळ्यातलं ते चित्र. दुखणं हाडात शिरलं होतं, पण संध्याकाळी गॅरेजचं दार वर करून, घडीची खुर्ची टाकून पत्ते कुटायला बसायची त्याची सवय काही सुटली नव्हती. समोर त्याचा धाकटा भाऊ जवाद. एकदा जवादने त्याला रंगेहाथ पकडलं. मुनीफने मांडीखाली एक्का दाबून ठेवला होता, आणि पकडल्यावरही हात तिथून काढायला तयार नव्हता. नुसता हसत होता. बनियन, ओठाला चिकटलेलं सूर्यफुलाच्या बीचं टरफल, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणं. हनादीने हाताशी आला तो कागद ओढला आणि शाईने त्याला उतरवून काढलं. कुणी मागितलं नव्हतं, कुठे लागायचं नव्हतं, त्यातून कुणाला काही शिकवायचं नव्हतं. तिच्या आयुष्यातलं असं ते एकच चित्र. बाप गेल्यावर ती रोज आईकडे यायची आणि कुणाला न कळेल अशा बेताने त्याच्यासमोर मिनिटभर उभी राहायची. तिला त्याची फार आठवण यायची.

त्या वर्षी मार्चमध्ये पॅट्रिशिया हॉल्मग्रेन घरी आली. शेजारच्या विद्यापीठाच्या गावातल्या एका कलादालनाची ती प्रमुख. उंच, गोरी, मनाने सरळ बाई, कुणाचंही मन दुखावू नये म्हणून सतत धास्तावलेली. हनादीच्या चित्रांचं प्रदर्शन भरवायचं तिच्या मनात होतं, आणि 'कलावंताला तिच्या मुळांसकट भेटावं' म्हणून तिने घरी यायचं ठरवलं होतं. मुळांनी आदल्या दिवसापासून द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्या करायला घेतल्या.

पॅट्रिशियाने आधी कॉफी वाखाणली. त्याने काही बिघडलं नाही. मग ती समोरच्या निळ्या वाडग्याकडे बघून म्हणाली, "किती गोड आहे हे!"

हज्जाचा हात छातीवर गेला. "घेऊन जा पोरी, तुझंच आहे."

पॅट्रिशियाने दोन्ही हात पुढे केले, मान किंचित झुकवली आणि वाडगा उचलून पिशवीत ठेवला.

जवादकाका चावत होता ते चावायचा थांबला. हज्जा मात्र घरंदाज बाई, तिने चेहऱ्यावर रेघही उमटू दिली नाही. म्हणाली, "मुबारक असो. अजून एक किब्बा घे."

"मी वाचलंय," पॅट्रिशिया लाजून हनादीला म्हणाली, "तुमच्याकडे भेट नाकारणं म्हणजे अपमान. आमच्या शिबिरात शिकवलं. पुस्तिकासुद्धा दिली होती, चित्रांची."

ती पुस्तिका हनादीला चांगलीच माहीत होती. 'अरब शेजाऱ्याशी कसं वागावं', आत हसरी माणसं, एक जण दोन्ही हातांनी भेट स्वीकारतोय, मान किंचित झुकलेली. चित्रं तिनेच काढली होती, एका आठवड्यात, मजकूर न वाचता. एप्रिल तोंडावर होता ना.

तिने आईकडे बघून डोळे मोठे केले. आईला वाटलं, पोरगी पाहुणीला अजून वाढ म्हणते आहे. तोवर पॅट्रिशियाने सोफ्यावरच्या भरतकामाच्या उशीचं कौतुक केलं आणि उशीही पिशवीत गेली. मग ती उठली आणि चित्रासमोर जाऊन उभी राहिली. बोलू नकोस, हनादी मनात म्हणत होती, बाई गं, एवढी कृपा कर आणि बोलू नकोस.

"हे..." पॅट्रिशियाचे डोळे भरून आले होते. "इतकं सुंदर मी कित्येक वर्षांत काही पाहिलं नाही."

"यम्मा," हनादी अरबीत म्हणाली, "गप्प राहा."

हज्जाने तिच्याकडे असं बघितलं की जणू तिने पाहुणीसमोर पाय टेबलावर टाकले. वाडगा गेला, उशी गेली, आणि आता नवऱ्याच्या चित्रापाशी हात आखडला असं या बाईने जाऊन सांगायचं? मुनीफ शुमानची बायको कंजूष? शिवाय, अगं, हे काय वाडगा आहे का? मेलेल्या माणसाचं चित्र कोण कुणाच्या भिंतीवरून उतरवून नेतं? नाहीच म्हणेल.

"घेऊन जा," हज्जा म्हणाली, "तुझंच आहे."

पॅट्रिशियाने दोन्ही हात पुढे केले.

चित्र गाडीपर्यंत जवादकाकाने उचलून नेलं, कारण पाहुण्याने ओझं वाहायचं नसतं. परत आला तेव्हा तो घरात न येता अंगणातच उभा राहिला.

"फोन करते आणि सांगते तिला," हनादी आईला म्हणाली.

"काय सांगशील? दिलेलं परत मागते म्हणून सांगशील? मेलेल्या माणसाच्या नावाने?"

"तू मनापासून दिलंच नव्हतंस."

"ते माझं मी बघेन. तोंडातून शब्द गेला, वस्तू गेली. आणि खबरदार, तुझ्या भावाला, बिलालला कळवलंस तर. तो टेक्सासहून गाडी काढून येईल भांडायला." हज्जाने भट्टीवाल्याचं कॅलेंडर आणून त्या रिकाम्या खिळ्यावर टांगलं. नंतर ती त्या खोलीत बसेनाशी झाली. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून जेवायची, आणि हनादीने विचारलं की म्हणायची, इथे ऊन छान येतं. तिथे ऊन येत नाही हे हनादीला लहानपणापासून माहीत होतं. पण तिने आईला विरोध केला नाही, फोनही केला नाही. स्टुडिओत जाऊन एका शिक्षक संघटनेसाठी मुठी रंगवत बसली.

उपाय काढला जवादकाकाने. "सोपं आहे. आपण तिच्या घरी जायचं आणि चित्राची स्तुती करायची. ती म्हणेल, घेऊन जा. आपण एकदा नाही म्हणायचं, दोनदा नाही म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं. कुणाची अब्रू जात नाही."

"काका, ती अमेरिकन आहे."

"म्हणून काय तिला आईबापांनी काही शिकवलं नाही?"

रविवारी दुपारी तिघं जण बाकलाव्याचा थाळा घेऊन पॅट्रिशियाच्या दारात हजर. तिला इतका आनंद झाला की काय करू नि काय नको असं झालं. चित्र तिने शेकोटीच्या वर लावलं होतं. हज्जा त्याच्याकडे न बघता बसली आणि म्हणाली, "फार छान चित्र आहे तुझ्याकडे."

"थँक यू!" पॅट्रिशिया म्हणाली.

जवादकाकाने घसा खाकरला. "असं चित्र मी कुठे पाहिलं नाही."

"मीसुद्धा नाही!"

"रेषा काय आहेत! चौकट काय आहे!"

"चौकट तुमचीच आहे," पॅट्रिशिया म्हणाली.

"खिळा!" काका आता पेटला होता. "खिळा किती सरळ मारलाय! या भिंतीवरून नजर हलत नाही बघा माझी. रात्री झोप लागणार नाही मला, या चित्राच्या विचाराने."

पॅट्रिशियाने त्याचा हात हातात घेतला. म्हणाली, तुम्हाला ते इथे बघून इतकं समाधान वाटतंय, याचं मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही. मग ती आत गेली. काकाने हज्जाकडे बघून भुवई उडवली, आलंच म्हणून समजा. ती बाहेर आली ती घरी केलेल्या भोपळ्याच्या केकची लादी घेऊन. हज्जाने तो घेतला, पहिल्याच खेपेला, नको न म्हणता. तिच्यात तेवढं त्राण उरलं नव्हतं.

निघताना पॅट्रिशिया दारात म्हणाली, "तुमचं हे प्रेम बघून मी ठरवलं. प्रदर्शनाच्या मधोमध हेच चित्र."

प्रदर्शन एप्रिलमध्येच उघडलं, अर्थात. शनिवारची दुपार, पांढरंशुभ्र दालन, हातात पेले घेतलेली हळू आवाजात बोलणारी माणसं. भिंतींवर ऑलिव्हची झाडं, किल्ल्या आणि लांब बघणाऱ्या बायका. मधोमध, दिव्याच्या झोतात, बनियनमध्ये मुनीफ शुमान. खाली पाटी. जवादकाकाने चष्मा लावून ती वहिनीला वाचून दाखवली, आधी इंग्रजीत आणि मग आपल्या भाषेत.

"'लपवलेला हात'. नाव आहे चित्राचं. 'कारखान्याने गिळलेल्या, ओळख हरवलेल्या निर्वासिताचा मूक आक्रोश. मांडीखालचा हात हा त्याच्याकडून हिरावलेल्या मायभूमीचं...'"

"मूक?" हज्जा म्हणाली.

"असं लिहिलंय."

"मुनीफ? तो झोपेतसुद्धा बोलायचा. आणि हात? हाताखाली एक्का होता त्या लबाडाच्या!"

"बदामचा," काका म्हणाला. "मला विचार ना."

त्यांच्या शेजारी उभा असलेला दाढीवाला तरुण चित्राकडे बघून नाक ओढत होता. हज्जाने त्याच्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. इतके आठवडे ती रडली नव्हती. आता तिची हनुवटी हलायला लागली. ती म्हणाली, "याला बिचारा करून टाकला रे यांनी. कधी बिचारा नव्हता तो." आणि तिने डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडावर धरलं.

हनादीने ते पाहिलं, आणि नेमकी तेव्हाच पॅट्रिशियाने तिला माइकपाशी बोलावलं.

हनादीचं एक भाषण ठरलेलं होतं. दोन संस्कृतींमधला पूल, आजीच्या हातची भाकरी, मुळं आणि पंख. ते ती शाळांपासून बँकांपर्यंत सगळीकडे करायची आणि लोक रडायचे. तिने सुरुवातही केली, "मी दोन जगांच्या मधोमध वाढले..." आणि तिला पुढचं वाक्य येईना. पहिल्या रांगेत लोक समजुतीने माना डोलवत होते.

"ते चित्र," ती म्हणाली. "तो माझा बाप आहे. तो आक्रोश करत नाहीये, तो हसतोय. पत्त्यांत लबाडी करताना पकडला गेला म्हणून हसतोय. त्याच्या हाताखाली काही मायभूमी वगैरे नाही. आणि पॅट्रिशिया, ते चित्र आईला तुम्हाला द्यायचं नव्हतं. आमच्याकडे कौतुक केलं की म्हणतात घेऊन जा, पण नेत कुणी नाही. तुम्हाला कुणी हे सांगितलं नाही. मी सांगायला हवं होतं, मी घाबरले. मला माझा बाप परत पाहिजे."

मग मागून हज्जा झकियाचा आवाज आला, खणखणीत इंग्रजीत. "नको, नको! ऐकू नकोस तिचं! पोरगी दमलीय. ठेव तुझ्याकडे, तुझंच आहे ते!"

पॅट्रिशिया लालबुंद झाली होती. ती एकदा हनादीकडे बघत होती, एकदा हज्जाकडे. "देवा! अर्थातच, आत्ता घेऊन जा. पण... त्या नाही म्हणताहेत?"

"म्हणणारच. उद्या विचारलंत तरी नाहीच म्हणेल. तरीही द्या."

"माझी शपथ आहे!" हज्जा ओरडली.

हनादी माइक सोडून चालत गेली आणि तिने दोन्ही हातांनी चित्र भिंतीवरून उतरवलं. काच थंड होती. तिला रडू येत होतं. आईसमोर तिने जन्मात पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं होतं.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आधी एकाने, मग सगळ्यांनी, मग उभं राहून. त्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. दाढीवाला तरुण तर हुंदके देत होता. रिकाम्या भिंतीचे, खालच्या पाटीसकट, कितीतरी फोटो निघाले, आणि पुढे तिथल्या पेपरात छापून आलं की लुटलेला वारसा परत मागण्यावरचं इतकं परिणामकारक सादरीकरण या राज्यात क्वचितच झालं असेल, विशेषतः नाही-नाही म्हणणाऱ्या वृद्ध अभिनेत्रीने कमाल केली.

परतीच्या वाटेवर हज्जा पुढच्या सीटवर बसली, मांडीवर चित्र घेऊन. काका मागे. हमरस्ता संपून डिअरबर्नची वळणं लागली. काचेवर कुणाचा तरी अंगठा उमटला होता. हज्जाने त्यावर फुंकर मारली आणि रुमालाच्या टोकाने तो पुसून काढला.

"नाक कापलंस माझं," ती म्हणाली.

"हो, यम्मा."

"चारचौघांत. शपथ घातली तरी."

"हो."

"मी नको म्हणत होते ना?"

"म्हणत होतीस."

"मग ऐकलं का नाहीस?"

हनादीने गाडी थांबवली. सिग्नल लाल होता. हज्जाने चित्र जरा सरळ धरलं, म्हणजे त्याच्या तोंडावरचं ऊन सरकेल.

"बरं केलंस," ती म्हणाली.

सिग्नल हिरवा झाला. मागे जवादकाका जोरजोरात नाक शिंकरत होता.

"आता तिच्या भिंतीवर काही राहिलं नाही, बिचारीच्या," हज्जा म्हणाली. "वाईट नाही गं ती. शुक्रवारी जेवायला बोलव तिला."

"बोलावते."

"आणि ती यायच्या आधी घरातलं सगळं उतरवून माझ्या पलंगाखाली ठेव. चमच्यांसकट."